सुपातलं हसू, जात्यातलं हसू

पत्रातला प्रश्न

पुण्यात, हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत चौदा वर्षं काम करणाऱ्या मैत्रिणीचं हे पत्र. वय अडतीस. तिचा आणि दोन सहकाऱ्यांचा 'चिवडा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ऑफिसात जे जे अजब घडतं ते सगळं तिथे येतं. दर शुक्रवारी टाइमशीट भरायची, ती भरायला लागलेला वेळही टाइमशीटमध्येच दाखवायचा, आणि त्याचा कोड नेमका बंद पडलेला. मंगळवारच्या मोठ्या कॉलमध्ये काय बोलायचं हे ठरवायला सोमवारी अकराचा छोटा कॉल. 'फन फ्रायडे'ला खाली गेलं नाही तर मेलवर कारण कळवायचं. या ग्रुपनंच आपल्याला आजवर तारलं, असं ती लिहिते.

गेल्या वर्षी ती मॅनेजर झाली. आठ जणांची टीम. एप्रिलमध्ये एका मुलाला रेटिंग सांगताना ती म्हणाली, "तुझं काम छानच आहे, पण आपल्याला कर्व्हमध्ये बसवावं लागतं." कर्व्ह म्हणजे किती टक्क्यांना वरचं रेटिंग आणि किती टक्क्यांना खालचं, याची आधीच ठरलेली वाटणी. दोन आठवड्यांनी त्याच्या डेस्कजवळून जाताना स्क्रीनवर मुलांचा ग्रुप उघडा दिसला. तिच्या त्या वाक्याचा स्टिकर झाला होता. तिला आधी हसू फुटलं, आणि संध्याकाळी वाकडच्या सिग्नलला गाडीत रडू कोसळलं. नवरा म्हणतो, "पगार वेळेवर येतो ना? मग हसता काय आणि रडता काय!" तिचे प्रश्न तीन आहेत. ज्या वाक्यांना आपण हसलो तीच आपल्या तोंडी आल्यावर हसायचा हक्क उरतो का? चिवड्यातला एक जण आता तिच्याच टीममध्ये आहे, तर तो ग्रुप बंद करावा का? आणि इतकी वर्षं हसत राहिलो म्हणूनच नोकरी सोडायचं राहून गेलं का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्यानं हसले. एकदा टाइमशीटच्या बंद कोडपाशी आणि एकदा फन फ्रायडेला न येण्याच्या कारणापाशी. हे आधी सांगते, कारण शेवटी तुम्ही विचारलंय, 'या वयात हे पोरकट वाटतं का?' मला नाही वाटत. चौदा वर्षं एकाच इमारतीत जाऊनही तिथलं विचित्र तुम्हाला विचित्र दिसतं, डोळ्यांना त्याची सवय झाली नाही, ही मला तुमची जमेची बाजू वाटते.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, अशी म्हण आहे. तुमच्या पत्रात ती नाही, पण मनात तीच असावी. काल मी सुपात होते म्हणून हसत होते, आज खुंटा माझ्या हातात आलाय, आणि मुलं जात्यात आहेत. मग मी कोणत्या तोंडानं हसू? तुमच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ मी असा लावला. पण खुंटा खरंच तुमच्या हातात आलाय का, ते आधी बघू. कर्व्ह तुम्ही ठरवला नाही. टाइमशीटचं सॉफ्टवेअर तुम्ही घेतलं नाही. तुमच्या वरच्या साहेबांनीही बहुधा नाही. मॅनेजर झाल्यावर तुम्ही सुपाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलात, एवढंच मला दिसतं. बदललंय ते हे, की काही वाक्यं आता तुमच्या तोंडून दुसऱ्यापर्यंत पोचतात. ती जबाबदारी खरी आहे. तिच्याकडे मी येणारच आहे, पण 'मी पलीकडच्या बाजूची झाले' हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

जात्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. तुमच्या काचेच्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी या तालुक्यात बायका पहाटे जात्यावर बसत आणि ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मुळशीतल्या बायकांच्या खूप ओव्या त्यांत आहेत. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि सासरच्या माणसांना मारलेले टोमणेही आहेत. दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते पहाटे जात्याशी बोललं जाई. ओवीनं दगड हलका होत नसे, दळणही कमी होत नसे. पण पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात असे, आणि एकीनं टोमणा मारला की दुसरीला कळे की हे हिलाही दिसतंय, मी एकटी नाही.

तुमचा चिवडा मला त्या जातीचा वाटतो. तुम्हाला त्यानं तारलं ते विनोद फार उच्च होते म्हणून नव्हे. 'हे असं आहे ना? की मलाच तसं वाटतंय?' या प्रश्नाला रोज कुणीतरी 'हो, असंच आहे' म्हणत होतं. ऑफिसात माणूस सर्वांत जास्त एकटा पडतो तो इथेच. मीटिंगमध्ये बारा जण मान डोलवत असतात आणि आपल्याला वाटतं, यांना सगळ्यांना कळतंय, फक्त मलाच कळत नाही. अशा वेळी समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं की जीव भांड्यात पडतो.

आता त्या स्टिकरकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, 'मुलांनी माझी खिल्ली उडवली.' पण स्टिकरवर काय होतं तेही तुम्हीच लिहिलंय: फक्त ते वाक्य. तुमचा फोटो नाही, नाव नाही, दिसण्यावर किंवा बोलण्याच्या लकबीवर काही नाही. मुलं वाक्याला हसली. तुम्हालाही आधी हसूच आलं, कारण तुमच्या कानाला ते वाक्य अजून तसंच ऐकू येतं, जसं मॅनेजर होण्याआधी ऐकू यायचं. त्या पहिल्या हसण्यावर विश्वास ठेवा. रडू आलं ते दुसऱ्या गोष्टीचं होतं असं मला वाटतं: त्या मुलाला खरं कारण सांगायचं राहून गेलं, हे तुम्हाला आतून ठाऊक होतं.

त्या वाक्यात गंमत कुठे आहे ते नीट बघा. शंभरातल्या अमुक टक्के लोकांना वरचं रेटिंग, अमुक टक्क्यांना खालचं, हा हिशोब हजारो माणसांच्या गर्दीसाठी कल्पिलेला आहे. तो आठ जणांच्या टीमवर बसवला की खालचे दहा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक आठ माणूस होतो. असा माणूस कुठून आणायचा? मग एक अख्खा माणूस धरला जातो. हे हास्यास्पद आहे आणि त्यात एका मुलाचा इन्क्रिमेंट गेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मायक्रोसॉफ्टसारख्या अवाढव्य कंपनीनं ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली, तेव्हा ती काही दगडावरची रेघ नाही. तुमच्या हातात निदान एक लेखी मेल आहे: टक्के टीमवार न लावता सगळ्या विभागावर मिळून लावा, आठ जणांत हा हिशोब बसतच नाही. नकार येईल कदाचित. तरी पुढच्या एप्रिलच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा मेल जाऊ द्या. मार्चमध्ये पाठवला तर तो तक्रार वाटतो.

तुम्ही साहेबांवर, एचआरवर फार रागावला आहात. त्या रागाबद्दल थोडं बोलते. श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकायची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका घरात मांजर दुधात तोंड घालायचं म्हणून आजी त्या दिवशी त्याला टोपलीखाली ठेवायची. आजी गेली, मांजरही गेलं, आणि नातसुना श्राद्धाला शेजारून मांजर मागून आणून झाकायला लागल्या. तुमच्या सोमवारच्या कॉलमागेही असं एखादं मांजर असणार. कधीतरी क्लायंटसमोर दोघांनी दोन आकडे सांगितले असतील, कुणाची तरी फजिती झाली असेल, आणि 'आधी आपापसात बोलून घेत जा' असं कुणीतरी म्हटलं असेल.

१९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्यानं एक छोटी पुस्तिका तयार केली. शत्रूच्या मुलखातल्या साध्या नोकरदारांनी आपला कारखाना, आपली कचेरी आतून कशी पोखरावी याच्या सूचना तीत आहेत. कचेरीसाठीच्या सूचना वाचा: सगळं रीतसर मार्गानंच व्हावं असा आग्रह धरा, विषय अधिक अभ्यासासाठी समितीकडे सोपवा, आणि समितीत पाचपेक्षा कमी माणसं ठेवू नका, पत्रांच्या आणि ठरावांच्या शब्दांवर घोळ घाला, मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, कारण आमच्या ऑफिसातला एकेक चेहरा समोर आला. मग जाणवलं की त्यातलं कुणीही घातपात करत नव्हतं. भली माणसं, चुकीचं पाऊल पडू नये म्हणून जपून चालत होती. माझा बराचसा राग तिथे निवळला, हसू मात्र राहिलं. तुमच्या एचआरच्या बाईंकडेही एकदा असं बघाल का? फन फ्रायडेला किती जण आले याचा आकडा त्यांना कुणाला तरी द्यावा लागत असेल, आणि तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर फन नसणार.

आता जबाबदारीचं. मी लेखनाकडे वळण्याआधी मुंबईत एका मोठ्या कंपनीत अकरा वर्षं होते. तिथे वर्षातून दोनदा फायर ड्रिल व्हायचं. भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्यानं खाली जायचं. पण मजल्याच्या दारात कार्ड दाखवून बाहेर पडायची पद्धत होती, आणि कार्ड नाही दाखवलं तर त्या दिवसाचे तास कमी भरायचे. त्यामुळे भोंगा कोकलतोय आणि दीडशे माणसं कार्ड हातात धरून एकामागे एक रांगेत उभी आहेत, असं दृश्य असायचं. आम्ही पोट धरून हसायचो. नकला करायचो: 'आग असली तरी आधी स्वाइप!' तीन ड्रिल्स आम्ही अशी हसत काढली. चौथ्या वेळी साफसफाईचं काम करणाऱ्या एक मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, खरंच लागली तर काय करायचं हो?" मी त्याच दिवशी मेल लिहिला. नंतरच्या ड्रिलला दारं उघडी ठेवली गेली. त्याला लागली होती फक्त चार ओळींची तक्रार, आणि ती चार ओळींची तक्रार दीड वर्ष कुणी केली नव्हती, कारण हसून झाल्यावर आमचं काम झालं असं आम्हाला वाटायचं.

त्यामुळे माझं म्हणणं असं: हसा, भरपूर हसा, पण हसून झाल्यावर स्वतःला एवढंच विचारा, याची किंमत कोण भरतंय? टाइमशीटच्या कोडची किंमत म्हणजे शुक्रवारची पंधरा मिनिटं. त्यावर चहाला हसावं आणि सोडून द्यावं. रात्री साडेदहाच्या कॉलची किंमत त्या मुलीला मोजावी लागते जिला घरी जायला कॅब मिळत नाही. तिथे हसून पुढे जाता येणार नाही. चिवड्यात येणाऱ्या गोष्टी महिनाभर एका वहीत लिहा, आणि प्रत्येकीसमोर फक्त ही किंमत लिहा: कुणाचा वेळ, कुणाचे पैसे, कुणाची झोप. माझा अंदाज आहे, महिन्याच्या शेवटी त्याच त्या तीन-चार गोष्टी पुन्हापुन्हा आलेल्या दिसतील, आणि त्यातली निदान एक तरी मॅनेजर म्हणून तुम्हाला बदलता येईल.

वाक्यांचं काय करायचं? मला एक कसोटी उपयोगी पडते. ऑफिसचं कुठलंही वाक्य रात्री जेवताना आईला सांगायचंय असं समजून मराठीत बोलून बघा. 'माझ्याकडे बँडविड्थ नाही' म्हणजे 'मी दमलेय.' 'हे ऑफलाइन घेऊ' म्हणजे 'सगळ्यांसमोर नको, मला संकोच वाटतो.' 'सर्कल बॅक करते' म्हणजे 'मला आत्ता उत्तर माहीत नाही.' आतलं वाक्य दर वेळी किती साधं आणि माणसासारखं निघतं बघा. काही वाक्यांतून मात्र काहीच निघत नाही. 'कर्व्हमध्ये बसवावं लागतं' हे आईला सांगून बघा, ती विचारेल, "म्हणजे त्याला पैसे का नाही दिले?" तिथेच तुमचं खरं वाक्य आहे. त्या मुलाला अजूनही बोलवा, आणि सांगा: तुझं काम चांगलं होतं. मी तुझ्यासाठी वरचं रेटिंग मागितलं होतं, ते मिळालं नाही, कारण आठातल्या एकाला खाली ठेवायची सक्ती होती आणि तू टीममध्ये सर्वांत नवा होतास, किंवा जे खरं कारण असेल ते. पुढच्या वेळी मी अमुक करीन. तुम्ही मागितलंच नसेल, तर तेही सांगा. हे बोलणं अवघड जाईल. तेव्हा हसू नका आणि 'मलाही हे सगळं फालतूच वाटतं' असंही म्हणू नका. तसं म्हटल्यानं तुम्हाला मोकळं वाटेल, पण त्याचा तोटा तसाच राहील, आणि वर मॅनेजरलाही काही पडलेलं नाही असं त्याला वाटेल. स्टिकर पाहिल्याचं तर काढूच नका. त्याच्या स्क्रीनवरचं ते त्याचं आहे.

टाइमशीटवर, फन फ्रायडेवर, सोमवारच्या कॉलवर मात्र टीमसोबत खुशाल हसा. मॅनेजर हसली की मुलांना कळतं की इथे खरं बोलता येतं. तमाशात सोंगाड्या राजाला जे बोलतो ते प्रधानाला बोलता येत नाही, आणि राजाही ते ऐकून घेतो, कारण समोर बसलेल्या लोकांना ते पटलेलं असतं. विनोद वरच्या दिशेनं जातो तेव्हा त्यात असं बळ येतं. खालच्या दिशेनं गेला की तो नुसता टोचतो. तुमच्या पत्रातली एक ओळ मला टोचली, म्हणून स्पष्ट लिहिते. नव्या मुलांच्या मेलमधलं इंग्रजीही चिवड्यात येतं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. लातूर-सांगलीकडून, मराठी शाळेतून आलेली मुलं ती. पहिला मेल पाठवण्याआधी त्यांनी तो पाच वेळा वाचलेला असतो. ते हसणं बंद करा, आजपासून. तुम्ही स्वतः कुठल्या शाळेतून आलात ते तुम्हीच पत्राच्या सुरुवातीला सांगितलंय.

चिवडा बंद करायची गरज मला दिसत नाही. पण तुमच्या टीममध्ये आलेल्या त्या मित्राशी सरळ बोला. त्याला आता तुमच्या विनोदाला हसावंच लागेल अशी भीती असू शकते, आणि तो हे स्वतःहून कधीच बोलणार नाही. त्याला हवं तर तो बाहेर पडेल, मैत्री तशीच राहील. ग्रुप ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या चॅटवर नको. तिथलं सगळं कंपनीच्या नजरेखाली असतं. क्लायंटच्या मेलचे स्क्रीनशॉट तर कुठेच नकोत. आणि कुणाच्या दिसण्यावर, जातीवर, लग्नावर, गरोदरपणावर 'गंमत' येत असेल तर ती गंमत नाही, हे ग्रुपमधल्या सर्वांत जुन्या माणसानं म्हणायचं असतं. तुमच्या ग्रुपमध्ये ते माणूस तुम्ही आहात.

राहिला तिसरा प्रश्न. हसल्यामुळे नोकरी सोडायचं राहून गेलं का? मला तसं वाटत नाही. तुम्ही घराच्या कर्जाचे हप्ते लिहिलेत, सासऱ्यांच्या औषधांचा खर्च लिहिलाय, कामातला सिस्टीम डिझाइनचा भाग अजून आवडतो असंही लिहिलंय. राहण्याची ही खरी कारणं आहेत, त्यांची लाज वाटायचं कारण नाही. पण एक बघत राहा. चांगला विनोद सांगून झाला की संपतो, आपण दुसऱ्या विषयावर जातो. तीच गोष्ट तुम्ही तिसऱ्या महिन्यात तितक्याच तावातावानं नवऱ्याला सांगत असाल तर तो विनोद राहिलेला नाही, तो निरोप आहे, आणि तो नवऱ्यापर्यंत नाही, तुमच्यापर्यंत पोचायला हवा. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येणं, झोप तुटणं, मुलांच्या गमतीवरही हसू न येणं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांशी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. सिग्नलला एकदा रडू येणं म्हणजे लगेच हे सगळं, असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रात मला तशी खूण दिसली नाही. पण हेच पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवलं. तुमच्या नवऱ्याला 'हसता काय आणि रडता काय' याचं उत्तर द्यायचं झालं तर त्यांना एखाद्या शनिवारी चिवड्यातल्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांच्याही ऑफिसातलं काही ना काही बाहेर पडेल.

सोमवारचा अकराचा कॉल आता तुमच्याच नावानं लागतो, असं पत्रात आहे. सुरुवात तिथून करा: पुढचे चार सोमवार तो लावू नका, त्याऐवजी आकडे एका कागदावर सगळ्यांना पाठवा, आणि मंगळवारी काय बिघडतं ते बघा. काही बिघडलं तर कॉल परत लावता येईल.

आणि तुमच्या इमारतीत फायर ड्रिलला दारं उघडी असतात की कार्ड दाखवावं लागतं, एवढं मला नक्की कळवा.